चार नंबरच्या पेटीतली राणी

हिरालाल गेला त्याला साडेचार महिने झाले होते. ज्या माश्यांनी त्याला मारलं, त्यांतली एकही आता जिवंत नव्हती. फय्याजला हे पक्कं ठाऊक होतं. कामाच्या दिवसांत मधमाशी जेमतेम सहा आठवडे जगते, म्हणजे चार नंबरच्या पेटीतली सगळी वस्ती तीनदा मरून तीनदा नव्यानं जन्मली होती. तरी पेटीचा राग गेला नव्हता. उलट वाढला होता.

फय्याजचं वाशीमकडच्या मालेगावात सुतारकामाचं दुकान. दहा वर्षांपूर्वी एका माणसानं त्याच्याकडून मधमाश्यांच्या पन्नास पेट्या बनवून घेतल्या. पेट्या बनवता बनवता त्यांत राहणार कोण याचंच त्याला कुतूहल लागलं, आणि पुढच्या वर्षी त्यानं स्वतःसाठी पाच पेट्या केल्या. त्या ठेवायला जागा दिली हिरालालनं. केनवडच्या अलीकडे त्याचा मळा होता. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि दोन एकरांत कांद्याचं बियाणं. माघात कांद्याचे डोंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुलले की बियाणं धरायला माशी लागते, आणि माशीला फूल लागतं. दोघांचं जमून गेलं. पाचाच्या बारा पेट्या झाल्या.

हिरालाल माश्यांना 'बाया' म्हणायचा. "तुह्या बाया आज खुशीत हायेत," असं तो बांधावरूनच ओरडून सांगायचा. चावली तर कांद्याची पात चोळायचा आणि पुन्हा वाफ्यात वाकायचा. फय्याजपेक्षा दहा वर्षांनी मोठा. डब्यात भाकर दोघांपुरती आणायचा आणि फय्याजनं घरून जेवून आल्याचं सांगितलं तर रागवायचा.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तो गेला.

तोपर्यंत डोंगळे काढून झाले होते. शिवारात फूल म्हणून उरलं नव्हतं. अशा दिवसांत माशी चिडकी होते. घरात थोडकंच असतं, बाहेर काही मिळत नाही, म्हणून ती दारावरचा पहारा वाढवते. शेजारच्या घरातलं लुटून आणायलाही मागेपुढे पाहत नाही. त्यामुळे त्या दिवसांत पेटी उघडायची ती ऊन उतरल्यावर. साखरेचा पाक द्यायचा तो संध्याकाळीच, आणि एक थेंब बाहेर सांडायचा नाही. हा नियम हिरालालला फय्याजनंच शिकवला होता.

त्या दिवशी त्यानं स्वतःच तो भर बारा वाजता मोडला. कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. ऊन होतं, आणि संध्याकाळी पुन्हा एवढं लांब यायचा कंटाळा आला होता. चार नंबरच्या पेटीत पाक ओतताना डबा हातातून निसटला. अर्धा पाक पेटीच्या अंगावर आणि जमिनीवर सांडला. त्यानं वर माती लोटली, झाकण घाईघाईनं बसवलं, ते तिरपं बसलं. निघताना त्यानं मागं वळून पाहिलं तेव्हा आजूबाजूच्या पेट्यांतल्या माश्या त्या फटीशी जमायला लागल्या होत्या. दारात माशी माशीला झोंबत होती. लूट सुरू झाली होती, आणि ते त्याला कळत होतं. झाकण सरळ करायला हवं होतं, पेटीचं दार बारीक करून वर ओलं पोतं टाकायला हवं होतं. अर्ध्या तासाचं काम. त्यानं गाडीला किक मारली.

दोनच्या सुमारास तो दुकानात रंधा मारत होता, तेव्हा हिरालालचा फोन आला.

"फय्याज, विहिरीच्या बांधावरचं गवत कापून घेऊ का मशीननं? बाया आज लई गडबड करून राह्यल्या म्हनून इचारलं."

आज नको, पेट्यांच्या जवळ जाऊ नको, एवढंच सांगायचं होतं. पण मग काहून, असं त्यानं विचारलं असतं. फय्याज म्हणाला, "कापा ना भाऊ. काई होत नाई."

थोड्या वेळानं मळ्यातून दुसरा फोन आला. तो पोचला तेव्हा हिरालाल पाटात पालथा पडला होता. पेट्रोलचं मशीन बाजूला पडून अजून घरघरत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी दोनशेच्या पुढे नांग्या मोजणं सोडून दिलं. माशीनं डंख मारला की त्या जागी एक वास राहतो, पिकल्या केळ्यासारखा. तो वास म्हणजे बाकीच्या माश्यांना हाक असते, की इथं या, इथंच मारा. हिरालालला उचलताना फय्याजच्या नाकात तो वास गेला आणि तिथेच बसला. पुढे कित्येक दिवस मालेगावच्या बसस्टँडवर केळ्यांची गाडी दिसली की तो रस्ता बदलायचा.

चौकशीला आलेल्यांना त्यानं कारणं सांगितली. मशीनचा आवाज, पेट्रोलचा वास, जमिनीला बसणारे हादरे, घामेजलेलं अंग, अंगात काळा सदरा. यातलं एकही खोटं नव्हतं. ऐकणाऱ्यांनी माना हलवल्या आणि कागदावर लिहून घेतलं.

मे गेला, जून गेला. अकरा पेट्या हळूहळू शांत झाल्या. चार नंबर झाली नाही. पन्नास-साठ हातांवरून माणूस गेलं तरी माश्या उठायच्या आणि पार रस्त्यापर्यंत मागं लागायच्या. निंदणाऱ्या बायांनी तिकडचे वाफे सोडले. केनवडच्या बाजारात लोक बोलायला लागले, की हिरालाल त्या पेटीत बसला आहे, त्याचा जीव अडकला आहे.

फय्याज असल्या गोष्टी मानणारा नव्हता. पण एक दिवस तो सकाळी लवकर मळ्यात गेला आणि त्यानं पाहिलं, की जिजाबाई त्या पेटीपासून चार हातांवर बसली आहे. हिरालालची बायको. पांढुरकं लुगडं, डोक्यावर पदर, हात मांडीवर. तिचे ओठ हलत होते. माश्या तिच्या अंगावरून येत-जात होत्या आणि एकही तिला शिवत नव्हती.

फय्याज निंबाच्या झाडामागे थांबला. कारणं त्याला माहीत होती. सकाळचा गारवा होता, माशी अजून तापली नव्हती. जिजाबाई दाराच्या समोर न बसता कडेला बसली होती. कपडे फिके होते आणि ती हलत नव्हती. चारही कारणं त्यानं मनाशी म्हणून पाहिली. मग ती काही विचारल्यासारखी पुढे वाकली, पेटीतून घोंग असा आवाज वाढला आणि पुन्हा खाली आला. फय्याजच्या मानेवरचे केस उभे राहिले. तो तसाच मागच्या पावली निघून गेला.

त्यानंतर तिला काही विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हिरालालचा मुलगा गोपाल बैल धुवायला विहिरीवर नेत होता. चार नंबर उठली. एका बैलानं दावं तोडलं आणि तो कपाशीच्या पऱ्हाटीत शिरला. दुसऱ्याला सोडवता सोडवता गोपालला चाळीसएक डंख बसले. तो दिवसभर मालेगावच्या दवाखान्यात सलाईनवर होता. पोळ्याला त्यांच्या घरचे बैल सजले नाहीत.

तिसऱ्या दिवशी गोपाल फय्याजच्या दुकानात आला. एक डोळा अजून पुरता उघडत नव्हता.

"चाचा, ते पेटी उचला. नाई तं मी डिझेल टाकून पेटवून देतो."

"गोपाल, उचलून नेली तं जिथं ठेवीन तिथं कोनाले तरी चावन."

"मंग जायतो."

"आठ दिवस दे मले. तिची राणी बदलतो."

"त्यानं काय होते?"

फय्याजनं हातातला खुणा करायचा गज खाली ठेवला. "पेटीतल्या साऱ्या माश्या एकाच राणीच्या पोरी असतात. सोभाव तिच्याकडून येते. गरीब सोभावाची राणी आनून ठेवली, का दीड महिन्यात जुन्या माश्या मरतात आन नव्या साऱ्या तिच्या होतात."

"म्हंजे इतके दिवस हे करता येत होतं?"

"हो."

"मंग काहून नाई केलं?"

फय्याजनं गज पुन्हा हातात घेतला. गोपालनं जाताना सांगितलं, "आठ दिवस. आन मायले तुमीच सांगा. ते त्या पेटीले हात लावू देत नाई कोनाले."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर फय्याजनं चार नंबर उघडली. जाळीची टोपी, पांढरा अंगरखा, हातमोजे. स्मोकरच्या डब्यात वाळलेल्या गोवऱ्या पेटवून त्यानं दारातून थंड धूर दिला आणि थांबला. धुरानं माशी मध पिऊन घेते, पोट भरलं की मंदावते, आणि तो केळ्याचा वासही धुराखाली दबतो. बाकीच्या पेट्यांना दोन फुंकर पुरतात. इथं त्यानं सात मारल्या. तरी झाकण उचलताच त्या उसळून आल्या. जाळीवर, छातीवर, आणि सगळ्यात जास्त हातांवर. हातमोजे काळे दिसेपर्यंत माश्या बसल्या.

पाचव्या चौकटीवर राणी दिसली. लांब, गडद, चपळ. ही जुनी राणी नव्हती. जुनीच्या पाठीवर त्यानं पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता. म्हणजे एप्रिलच्या त्या लुटीत जुनी मारली गेली होती, आणि उरलेल्या माश्यांनी घाईघाईत ही वाढवली होती. उपासमारीत वाढलेली, कुठल्या नरांशी आभाळात गाठ पडलेली कोण जाणे. तिच्या पोरी तापट निघाल्या. पेटीच्या रागाचं कारण एवढं साधं होतं, आणि तेही शेवटी त्याच दुपारपाशीच येऊन थांबत होतं.

घरी आल्यावर मेहरुन्निसानं, त्याच्या बायकोनं, हातमोज्यांत अडकलेल्या नांग्या पाहिल्या. "हाथोंपेच क्यूं बैठते सब?" तिनं विचारलं. "धोने कू डालू क्या ये?"

"रहने दे."

"चार महिने से रहने दे बोल रहे तुम. वोईच दस्ताने है ना ये? हिरालालभाई कू उठाए थे वो?"

कातडं वास धरून ठेवतं, एकदा डंख बसलेलं कापड धुतल्याशिवाय पुन्हा पेटीजवळ न्यायचं नाही, हे तो दुसऱ्यांना शिकवत आला होता. स्वतःचे हातमोजे मात्र त्यानं त्या दिवसापासून खिळ्याला टांगून ठेवले होते आणि दर वेळी तेच घालत होता. हातमोजे काढून मेहरुन्निसानं गरम पाण्यात सोडा टाकून त्यात भिजवले. त्यानं ते पाहिलं आणि अडवलं नाही.

कामरगावला अमरसिंग नावाचा म्हातारा होता. त्याच्याकडे पंचवीस पेट्या होत्या, आणि तो उघड्या हातांनी त्या उघडायचा. फय्याज त्याच्याकडून राणी आणायला गेला. अमरसिंगनं आगपेटीएवढ्या जाळीच्या पिंजऱ्यात राणी आणि तिच्या सोबतीला सहा-सात माश्या घातल्या, पिंजऱ्याचं तोंड साखरेच्या घट्ट गोळ्यानं बंद केलं.

"जुनी काढल्याबिगर हिले आत सोडू नको, तुकडे करतील हिचे," तो म्हणाला. "जुनी काढ, एक दिवस त्याईले बिनराणीचं राहू दे, मंग हा पिंजरा चौकटीत ठेव. गोळा खाऊन खाऊन त्या हिले बाहेर काढतात. तवरीक हिचा वास त्याईच्या अंगी पडते."

"हो."

"तुह्या त्या पेटीनं मानूस मारला म्हनतात. खरं हाय का?"

"एका पेटीनं नाई. पहिले त्या उठल्या, मंग साऱ्याच."

"पहिले त्या काहून उठल्या?"

"मशीन चालू होतं," फय्याज म्हणाला.

अमरसिंगनं पिंजरा त्याच्या हातात दिला. "सदऱ्याच्या खिशात ठेव. ऊब लागते त्याईले."

कारंज्यावरून, मग वाशीमवरून, दोन बस बदलत तो परत आला. छातीवरच्या खिशात पिंजरा होता. माश्यांच्या पंखांची बारीक थरथर कापडातून कातडीला लागत होती. मालेगाव येईपर्यंत त्यानं तीनदा खिशावर हात ठेवून पाहिला. अमरसिंगला दिलेलं उत्तर त्याच्या तोंडात कडू होऊन राहिलं होतं. इतक्या लोकांना इतक्यांदा दिलेलं ते उत्तर त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला स्वतःला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तो मळ्यात गेला. जिजाबाई पेटीपाशी उभीच होती. गोपालनं सांगितलं असावं.

"राणी मारासाठी आले का तुमी?" तिनं विचारलं.

"काढतो, वयनी. गोपालचे हाल पाह्यले ना तुमी. उद्या लेकराबाळाले..."

"मले नाई चावत त्या."

"तुमी सकायी येता. कडेले बसता. हालत नाई."

"लोकं म्हनतात हे आत हायेत म्हनून नाई चावत."

"लोकं म्हनतात."

"मले काई ठाव नाई ते." जिजाबाई खाली बसली. "तेरवी झाल्यावर पहिले आठ दिवस मी इथं आली, ते मलेबी चावाव्या म्हनून आली. समोरच बसत होती तवा, दाराच्या तोंडाशी. दोन-तीन चावल्या, बस. मेली नाई मी. मंग कडेले बसाले लागली. मंग नुसतंच इचारत राह्यली, का बाया हो, नऊ वर्सं त्यायनं तुमाले पानी पाजलं, उन्हायात पोते ओले करून टाकले, मंग काहून? काहून मारलं?"

फय्याज उभा होता. हातात स्मोकर धुमसत होता. खिशात माश्या होत्या. त्या क्षणी तो मशीन म्हणू शकला असता, पेट्रोल म्हणू शकला असता.

"वयनी, मी सांगतो काहून," तो म्हणाला.

आणि त्यानं सगळं सांगितलं. बारा वाजता पेटी उघडली ते. पाक सांडला ते. झाकण तिरपं राहिलं ते. लूट सुरू झालेली दिसली आणि तरी गेलो ते. कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नव्हतं, हेही. आणि फोन. "त्यायनं इचारलं होतं मले. मी म्हनलो काई होत नाई. मले ठाव होतं, तरी म्हनलो."

विहिरीवर पाण्याची मोटार चालू होती, तेवढाच आवाज.

"फोन केला ते ठाव हाय मले," जिजाबाई म्हणाली. "मी भाजी खुडत होती बाजूले. फोन खिशात ठेवत मले म्हनले, 'फय्याज म्हनते काई होत नाई.' हासत हासत गेले."

फय्याजनं मान वर केली नाही.

"मले वाटलं, फय्याजलेबी नसन समजलं. मानूस चुकते. पाकाचं नव्हतं ठाव." मग ती उठली. "दाखव मले ते राणी."

इतक्या वर्षांत ती त्याला कधी 'तू' म्हणाली नव्हती.

त्यानं तिला स्वतःची जाळीची टोपी दिली. तो उघड्या तोंडानं पेटीवर वाकला. धूर दिला, वाट पाहिली, पुन्हा दिला. धुतलेल्या हातमोज्यांवर या वेळी थोड्याच माश्या बसल्या, पण कपाळावर एक आणि ओठावर एक डंख बसला. त्यानं नखानं नांग्या खरवडून काढल्या आणि काम चालू ठेवलं. चौथ्या चौकटीवर राणी सापडली. त्यानं चौकट तिच्यापुढे धरली.

"हेच?"

"हेच."

"हिनं पाह्यलं होतं का त्यायले?"

"नाई. हे त्याच्यानंतर जन्मली."

"मंग हिचा काय गुन्हा?"

"गुन्हा नाई काई. हिच्या पोरी तापट हायेत. पेटी सुधरासाठी हिले मारा लागते."

जिजाबाई जाळीतून त्याच्याकडे बघत होती. "हिले मारून टाकशीन. आन तुले काय करू मी?"

चौकटीवर माश्या धावत होत्या. फय्याजच्या ओठाला सूज चढत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला वाटलं, आता ती चौकट हिसकून आपल्या तोंडावर मारेल, आणि मारली तर आपण हलायचं नाही. तिनं तसं काही केलं नाही.

"मारू नको तिले. मले दे."

त्यानं राणी अलगद चिमटीत धरली. खिशातल्या आगपेटीतल्या काड्या मातीत ओतल्या, राणी आत ठेवली आणि आगपेटी तिच्या हातात दिली. जिजाबाई ती मुठीत धरून घराकडे निघून गेली. टोपी तिनं डोक्यावर तशीच नेली. ती पुढे दोन दिवस तिच्या ओसरीवर पडून होती.

पेटीत तासाभरातच समजलं, की राणी नाही. तो हुंदक्यासारखा लांब आवाज फय्याजनं पूर्वी शंभरदा ऐकला होता. बिनराणीची पेटी असाच आवाज करते. त्या संध्याकाळी मात्र तो ऐकत त्याच्याच्यानं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं पिंजरा चौकटीत बसवला. मग तो ओसरीवर गेला आणि गोपालला बसवून तेच सगळं पुन्हा एकदा सांगितलं. या वेळी शब्द लवकर आले, आणि ते त्याला बरं वाटलं नाही. गोपाल उठला. त्यानं फय्याजची गचांडी धरली, भिंतीला टेकवलं, हात वर नेला. जिजाबाई आतून म्हणाली, "गोपाल." त्यानं हात खाली घेतला.

"माह्या वावरात पाय ठेवू नका पुन्हा," तो म्हणाला. "पेट्या घेऊन जा साऱ्या."

"पेट्या राहतीन," जिजाबाई म्हणाली. ती दारात आली होती. "कांद्याले माशी लागते. आन त्यायनं पोसल्या त्या. मी पाहीन त्याईचं. हा मले शिकवन. शिकून झालं का मंग नाई आला तरी चालन."

राणीचं काय झालं ते तिनं त्याला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. तिनं आगपेटीत कापसाला साखरेचं पाणी लावून ठेवलं होतं. राणी दोन दिवस जगली. तिसऱ्या सकाळी पाहिलं तर पाय आखडून पडली होती. "एकटी होती ना," जिजाबाई म्हणाली. कुठे टाकली ते तिनं सांगितलं नाही.

नव्या राणीला माश्यांनी चौथ्या दिवशी बाहेर काढलं. आठव्या दिवशी चौकटीवर अंडी दिसली. आश्विन गेला. तुरी फुलावर आल्या तेव्हा चार नंबरच्या दारात फिकट, पिवळसर माश्या दिसायला लागल्या, कामरगावच्या. गडद माश्या रोज कमी होत गेल्या. शेवटी एक दिवस एकही उरली नाही.

फय्याज आठवड्यातून एकदा यायचा. गोपाल त्याच्याशी बोलत नव्हता. तो आला की दुसऱ्या टोकाच्या वाफ्यात जायचा. जिजाबाई कामापुरतंच बोलायची. तिचा हात हलका होता. ती चौकट अशी उचलायची, की माशीला उचलल्याचं कळायचं नाही. धूर किती द्यायचा, आभाळ भरून आलं की पेटी का उघडायची नाही, श्वास पेटीवर का सोडायचा नाही, हे तिला एकदाच सांगावं लागलं. पाक ती संध्याकाळी द्यायची, आणि देऊन झाल्यावर पेटीभोवतालची जमीन वाकून तपासायची. फय्याज तेव्हा दुसरीकडे बघायचा.

दिवाळीनंतर एकदा तिनं चार नंबर उघड्या हातांनी उघडली. माश्या तिच्या बोटांवर चढल्या, मनगटापर्यंत आल्या आणि परत गेल्या. काहीच झालं नाही. ती बराच वेळ तशीच हात धरून उभी राहिली.

"आता लई गरीब झाल्या," ती म्हणाली.

"हो."

"आता याईले इचारून काय फायदा. याईले काईच ठाव नाई." तिनं झाकण सरळ बसवलं, चारी कोपरे हातानं दाबून पाहिले. "मी सकायी येनं बंद केलं बरं का. दोन दिवस झाले."

निंदणाऱ्या बाया आता त्याच पेटीजवळ सावलीला बसून भाकर खातात. केनवडच्या बाजारात हिरालालच्या जिवाची गोष्ट कोणी काढत नाही. काढली तरी, पेटी शांत झाली म्हणजे सुटला बिचारा, असं म्हणून सोडून देतात. फय्याजला ते ऐकू येतं. दर आठवड्याला तो त्या पेटीवर वाकतो, माश्या त्याच्या हातावरून शांतपणे चालत जातात, आणि त्याला अजूनही त्यांची भीती वाटते.